खाली कुठे आहे

ब्लॅकफर्ड हिलवर वारा असतोच.
त्या वाऱ्यात आठ महिने मी एक प्रश्न घेऊन बसलेय:
खाली कुठे आहे?

तुम्ही पायाकडे बोट दाखवाल.
पण दुर्बीण माथ्यावरून क्षितिजाकडे कलते
तसं तिच्या बुडाशी टांगलेल्या वर्णपटमापकाचं 'खाली'
हळूहळू कुशीवर येतं,
माझ्या पोलादाला ते रात्रभर नव्याने शिकावं लागतं.
सव्वादोन टन.
हलायची मुभा: केसाच्या जाडीचा विसावा भाग.

पहिला आराखडा मी दणकट केला.
जाड बरगड्या, चौफेर बोल्ट, हूं की चूं नाही.
वर्कशॉपमध्ये शीना लॉरिमरने कागद फिरवून पाहिला,
चष्मा कपाळावर सरकवला:
"थंडीत हे आकसणार. आतल्या काचेने जायचं कुठे?"
मी माणसांनाही असंच धरते,
हे तिला कुणी सांगितलं, देव जाणे.

मग तीन पाय. तिवई डुगडुगत नाही.
पायापायात एकेक पातळ पातं,
एका दिशेला लवणारं, बाकी दिशांना हटवादी.
शीनाला चुंबळ समजावण्यात एक अख्खा चहा गार झाला:
डोकं आणि घागर यांच्यामधे पिळलेलं फडकं,
बाई चालते, पाणी हिंदकळत नाही.
"मग हे तुला आधीच ठाऊक होतं," ती म्हणाली,
"जानेवारी कशाला घालवलास?"

वजनाच्या यादीत माझ्या वाट्याला तीनशे चाळीस किलो.
भरलं तीनशे एक्क्याऐंशी.
म्हणून भोकं.
प्रत्येक भोक कॉम्प्युटरला विचारून: इथून काढू?
तो लाल व्हायचा, मी निळ्याकडे सरकायची.

चाचणीला खऱ्या यंत्राच्या जागी पोलादी ठोकळा,
तेवढाच जड, आत काही नाही.
शीनाने त्यावर खडूने लिहिलं: गॉर्डन.
कोण गॉर्डन, मी विचारलं नाही.
त्याला आम्ही उताणा केला, कुशीवर केला, पहाटेपर्यंत कलता ठेवला.
तीन पूर्णांक एक मायक्रॉन.
शीनाने तिच्या डब्यातलं शेवटचं बिस्किट मला दिलं.

काल पेटारे चिलीला गेले.
तिथे कुठलासा जुनाट उजेड येईल,
माझ्या पात्यांना न शिवता आत जाईल.
शिवला, तर चूक माझी.

आज सांगाडा रिकामा.
गॉर्डन कोपऱ्यात, फरशीवर;
खाली कुठे, त्याला आता पक्कं ठाऊक.
शीना त्याच्यावर बसून सँडविच खातेय.
मला पाहून थोडी सरकली.