प्रॉम्प्टर

एकतीस वर्षं विंगेत बसून
मी कुजबुजत आलो.
सावईवेरेच्या जत्रेत, शिरोड्याच्या काल्याला,
राजाला राजाचं वाक्य दिलं, विधवेला विधवेचं,
आणि ढोसून आलेल्या सेनापतीला
त्याचं नावसुद्धा.

मग आवाज बिघडला.
खवणीवर खोबरं संपून करवंटी लागावी
तशी खर.

बांबोळीला डॉक्टर इवोन कुलासोंनी
पडद्यावर दाखवलं:
दोन पांढुरक्या कडा, उघडतात, मिटतात,
आणि डावीवर एक दाणा,
उकड्या तांदळाच्या शितासारखा.
"लेझरनं काढू."
मी विचारलं, आत काही पेटणार नाही ना?
त्या हसल्या नाहीत. सगळं सांगितलं.
डोळ्यांवर ओली पट्टी, तोंडाभोवती ओली फडकी,
श्वासनळीतल्या फुग्यात हवेऐवजी मिठाचं पाणी,
प्राणवायू बेतानं.
"आणि लाल ठिपका असतो ना,
तो कापत नाही. तो फक्त जागा दाखवतो.
कापणारा किरण दिसतच नाही."

एवढं एकच मला
समजावून सांगावं लागलं नाही.

शुद्धीवर आलो तर जीभ जड, दाढेला कळ,
उशाशी पाटी:
आठ दिवस बोलायचं नाही.
खाली दोन रेघा मारून:
कुजबुजायचंही नाही.
कुजबुजीनं जास्त ताण पडतो म्हणे.

एकतीस वर्षं, बघा.

सहाव्या दिवशी गावचं नाटक.
वही घेऊन विंगेत बसलो, सवयीनं.
पानं उलटत राहिलो.
तिसऱ्या अंकात रोहिदास अडला.
मुलाच्या प्रेतापुढे, तलवार टेकून,
आणि डोळे माझ्याकडे.
वाक्य माझ्या दातांमागे येऊन उभं.
मी ओठ दाबले. डोळ्यांत पाणी आलं.
तो बघत राहिला.
खुर्च्यांमधून वाजणारे खाज्याचे कागद
एकेक करून थांबले.
शेवटी तो न बोलताच खाली बसला,
आणि टाळ्या, अशा टाळ्या
की जनरेटर ऐकू येईना.
रंग पुसताना म्हणाला,
"पात्रांव, फुडल्या वर्साय अशेंच."

नवव्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या, बोला आता.
काहीही. तुमचं.
मी शोधलं.
राजा आला, विधवा आली, सेनापती,
दूत, दुसरा शिपाई,
सगळे ओळीनं उभे, तयार.
घसा कोरडा पडला.
"उदक," म्हटलं. "मात्शें उदक."
कुठल्याच वहीत नसलेलं,
जरा हिरवं, चिकाळलेलं.

त्यांनी बाटलीचं झाकण काढून दिलं
आणि कागदावर काहीतरी लिहीत राहिल्या.