हातभर कापड

आमच्या कारखान्यातले माग जुने.
ताण्यातली तार तुटली तरी थांबत नाहीत,
विणत राहतात खटखट खटखट,
आणि टॉवेलभर एक बारीक फट
सरळ चालत जाते.
बघणारा माणूस लागतो.
एकोणीस वर्षं तो माणूस मी.
शेठ पाहुण्यांना सांगायचे,
गुंडेटीच्या डोळ्यांतून तार निसटत नाही.

माझीच तुटली तेव्हा
मला आवाज आला नाही.

आधी दहा रुपयांची जोडी, अशोक चौकातल्या टपरीमागे.
एसटीचा नंबर, मेव्हणीच्या बाळाचं वजन,
स्वप्नात तलावाच्या पायरीवर बसलेली तीन बदकं,
कशातूनही आकडा गळायचा.
मग मोबाइलवर रमी.
मटका निदान दिवसात दोनदा उघडतो,
मोबाइलला क्लोज नाही.

आठशे लागले त्या रात्री मटण आणलं.
चार हजार गेले त्या रात्री
न्हाणीत नळ सोडून बसलो, हुंदका ऐकू जाऊ नये म्हणून.
राजमणी बाहेरून म्हणाली,
पाणी आता चार दिवसांनी येणार.

पगार कापला, म्हणालो. बोनस नाही, म्हणालो.
श्रावणीची सायकल पुढच्या महिन्यात.
खोटं बोलताना माझा आवाज गोड व्हायचा.
राजमणी विडीचं पान कातरताना मान वर करायची,
एवढंच.
रोज हजार विड्या वळणाऱ्या बाईला
मोजता येत नाही, असं मला वाटत होतं.

रात्रपाळीत एकदा डाव अर्ध्यावर होता
आणि मल्लिनाथ जॉबरने माझा माग बंद केला.
हातभर कापड. तीन तारांची फट,
पलीकडचा बल्ब दिसत होता तिच्यातून.
तो ओरडला नाही. कानडीत विचारलं,
"एष्टु?"
किती.
टॉवेलचं विचारत नाही, हे कळलं.
मी निम्मे सांगितले. तो तिथेच उभा.
मग उरलेलेही. एक लाख चौऱ्याण्णव हजार.
आयुष्यात इतके आकडे लावले,
स्वतःचा पहिल्यांदा ऐकला.

घरी सांगायला आठ दिवस लागले.
राजमणीने भांडी आपटली नाहीत.
सुपाखालून विडीचं एक लेबल काढलं,
मागे पेन्सिलीने, तेलुगू शाळेतल्या वळणाने,
दवाखान्याच्या भिंतीवरून उतरवलेलं
१४४१६.
पेन्सिल पुसट झाली होती. म्हणजे कधीचं जपलेलं.
सवयीने मी बेरीज केली. सोळा, म्हणजे छक्का.
मग लाज वाटली, आणि नंबर फिरवला.
लागला.
पलीकडची बाई म्हणाली, बोला, घाई नाही.

आता महिन्यातून एकदा सिव्हिलमधले डॉक्टर,
आणि शनिवारी साखर पेठेत शिवणक्लासची खोली.
झाकलेल्या मशिनी, सात खुर्च्या.
एक निवृत्त कंडक्टर, इंजिनिअरिंगचा एक पोरगा,
मुलासाठी येणाऱ्या झुबेदाबी.
मुलगा अजून आलेला नाही, त्या येतात.
पगार राजमणीच्या खात्यात. फोन बटणांचा.
हप्ते चाललेत, चालतील बरीच वर्षं.
जानेवारीत गड्ड्यात गेलो आणि
साबणाच्या वडीवर रिंगा टाकत बसलो. चाळीस रुपये.
शनिवारी सांगितलं. कुणी हसलं नाही.
कंडक्टर म्हणाले, चुकून उतरलात, चढा परत.

ते हातभर कापड शेठनी माझ्या पगारातून कापलं,
या वेळी खरंच,
म्हणून ते माझं.
श्रावणी त्याने सायकल पुसते.
सायकल जुनी, मल्लिनाथच्या पोरीची.
कधी फटीत बोट घालून विचारते,
पप्पा, हे असं कसं झालं?
मी सांगतो.
अजून सगळं सांगून झालेलं नाही.