मांजराची मिशी

ओत्तोनेला जाऊन चार वर्षं झाली.
निवेसच्या सोफ्यावर त्याचे केस अजून सापडतात,
आणि प्रयोगशाळेत, काचेच्या एका नळीत,
त्याची एक मिशी.

हसू नका. स्फटिक धरेना की आम्ही
ती मिशी जुन्या चुऱ्यात बुडवतो
आणि नव्या थेंबातून अलगद ओढतो,
विरजण लावावं तशी.

शहाण्णव थेंब होते.
त्र्याण्णवांत नुसता गाळ.
दोनांत मीठ, आणि या मिठापायी
आम्ही पूर्वी दोनदा बाटली उघडलेली आहे.
एकात, सुईच्या टोकाएवढं,
कडा असलेलं काहीतरी.

त्या रात्री त्रिएस्तेत बोरा सुटला होता.
उताराच्या गल्ल्यांत लोक भिंत धरून चालत होते.
वर, कार्स्टच्या पठारावर, सिंक्रोट्रॉनच्या गोल छपराखाली
वारा नव्हता, फक्त पंपांची घरघर.
लिविओने नायलॉनच्या फासात स्फटिक उचलला,
गोठत्या धारेत धरला,
आणि जड दार लावून घेतलं.

पाहणं म्हणजे थोडं जाळणंच.
किरण थांबले तेव्हा तो पिवळा पडला होता.

नमुना एकतीस.
कुणाची तरी न भरणारी जखम.
नाव आम्हाला कळवत नाहीत;
एवढंच, की औषधं एकामागून एक हरली.

पहाटे पडद्यावर निळी जाळी उभी राहिली:
त्या जिवाणूचं विकर.
पेनिसिलिनचं चौकोनी कडं आलं की मोडायचं,
पुन्हा आलं की पुन्हा मोडायचं,
सेकंदाला शेकडो.
द्वेष म्हणाल तर अडकित्त्याला
सुपारीचा असतो तेवढाच.

आणि त्या अडकित्त्याच्या पात्यांत
आमचा रेणू.
तुटलेला, पण सुटलेला नाही.
सत्तराव्या सेरीनला धरून,
पाण्याचा जो कण येऊन पातं मोकळं करतो
त्याच्याच वाटेत पाय पसरून बसलेला,
पानं उचलली तरी न उठणाऱ्या
पाहुण्यासारखा.

“बसला,” लिविओ म्हणाला,
आणि कुणाचीतरी गार कॉफी पिऊन टाकली.

निवेस काही बोलली नाही.
ती आकडे खाली खाली वाचत गेली
आणि शून्य पूर्णांक सातवर थांबली.

म्हणजे असं:
स्फटिकात अब्जावधी जण एकाच पवित्र्यात उभे,
आणि दिसतं ते सगळ्यांचं मिळून एक चित्र.
त्यातल्या दहांपैकी सातांत पाहुणा आहे.
तिघांत नाही.
तिघांत पाण्याचा तो कण,
फिकट लाल ठिपका,
आपल्या जागेवर, कामाला हजर.

“हे लिहायचं कसं?” मी विचारलं.
“आहे तसं.”

बाहेर उजाडत होतं. वाऱ्याने
कुणाची तरी सायकल कुंपणावर नेऊन टांगली होती.
निवेसने मिशी पुसली, नळीत ठेवली,
बूच लावलं.
चिठ्ठीवरचं अक्षर पुसट झालंय,
तिने ते परत गिरवलं:
ओत्तोने, डावी बाजू.