पाचवा दोर

नॉरिचमध्ये त्या वर्षी शहराचं नाव पुसलेलं होतं.
स्टेशनवर पाटीच्या जागी फिकट चौकोन,
फाट्यावरचे खांब बोटं छाटल्यासारखे.
शत्रू आलाच, तर कुठे आलोय ते त्याला कळू नये.
आई म्हणायची, आणि मोहरीच्या कारखान्याचा वास?
तो कोण पुसणार?

मी नऊ वर्षांची. थिर्झा अटिंग.
गळ्यात दोरी, दोरीला खोका, खोक्यात रबराचं तोंड.
ते तोंड लावून आम्ही पाढे म्हणायचो,
सात सक बेचाळीस,
आणि गालापाशी रबर असं फुर्रकन वाजायचं
की मिस थर्टल फळ्याकडे वळायच्या
आणि त्यांचे खांदे हलायचे.

आई बुटांच्या कारखान्यात.
लढाईआधी नाचाचे बूट शिवायची, चंदेरी पट्ट्यांचे.
आता नुसते काळे. दहा नंबर, अकरा नंबर.
"एवढे पाय," म्हणायची, "एवढे पाय चाललेत कुठे?"
दुरुस्तीला आलेल्या बुटातून कधी वाळू निघे.
ती खिशातून घरी आणून
खिडकीत कागदावर ठेवी.
झाडताना तेवढा कोपरा सगळे सोडायचे.

कांद्याचं सांगायलाच हवं.
कारखान्यात एका कांद्याची सोडत निघाली,
तिकीट तीन पेन्स. मिसेस मॉब्जना लागला.
आठवडाभर त्यांनी तो कपाटावर मांडला,
येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला,
आणि चिरला तेव्हा गल्लीतल्या बायका
मुद्दाम पाटाजवळ जाऊन उभ्या राहिल्या.
रडायला तेवढंच निमित्त.

बाबा चर्चच्या मनोऱ्यात घंटा वाजवायचे.
सहा घंटा, सहा दोर, सहा माणसं.
सरकारचा हुकूम निघाला: घंटा बंद.
वाजली, तर समजा शत्रू उतरला.
म्हणजे सगळं ठीक आहे तोवर मुकं राहायचं.
बाबा तरी जायचेच दर रविवारी,
घंटांच्या जिभांना चामड्याचे तुकडे बांधून
दोर ओढायचे.
वर मणामणांचा धातू झुलायचा,
खाली ऐकू यायची लाकडाची करकर
आणि माणसांचे श्वास.
मग माणसंही कमी होत गेली.
पाचवा दोर क्लेमंट लार्टरचा,
कानामागे पेन्सिल, मला "मॅडम" म्हणायचा.
तो लिबियाला गेला.
एका दोराला आई उभी राहू लागली,
मुक्या घंटेवरच शिकली.

एप्रिलातल्या त्या रात्रींबद्दल मी फार बोलत नाही.
त्यानंतर अंधार पडू लागला की शहर चालत बाहेर निघायचं:
बाबागाड्यांत चादरी, किटली,
कुणाच्या हातात पिवळ्या कॅनरीचा पिंजरा.
गवताच्या गंजीपाशी झोपायचं, पहाटे परतायचं,
साडेसातचा भोंगा चुकवायचा नाही.
मिसेस मॉब्जचं दार उभं होतं. मागे घर नव्हतं.
आई रोजच्यासारखी दारावर दोनदा टकटक करून
पुढे गेली.

नोव्हेंबरात हुकूम आला, एक दिवस वाजवा.
वाळवंटात लढाई जिंकली होती.
बाबांनी चामडं सोडलं. त्यांना धरून माणसं पाच.
मी विचारलं, पाचव्याला मी उभी राहू?
"त्याला त्याचा माणूस आहे," बाबा म्हणाले,
आणि दोर खुंटीला गुंडाळून ठेवला.

एक, दोन, तीन, चार,

सहा.

लोक दारांत आले, सपाता घालून,
हातात बटाटे सोलायची सुरी तशीच.
एक, दोन, तीन, चार,

कुणी म्हणालं, चुकतायत.
कुणी म्हणालं, नाही, चुकत नाहीत.

सोमवारी साडेसातला भोंगा.
आईच्या तळव्यांना फोड, त्यावर चिंधी.
क्लेमंटच्या पायाचा नंबर तिला पाठ होता:
नऊ. उजवा जरा रुंद.