टेपेचं टोक

पहिल्या दिवशी तातोबा अंबींनी
आमचे मोबाइल काढून घेतले नाहीत.
म्हणाले, ठेवा की खिशात,
बुडाले तर तुमचेच बुडतील.

आम्ही सात जण. विश्रामबागेतले, खणभागातले,
आणि मिरजेचा एक जुबेर, सतारी करणाऱ्यांच्या घरचा,
फळी हातात आली की आधी टिचकी मारून
तिचा आवाज ऐकणारा.
दहावीचा निकाल कुणाचा लागायचा होता,
कुणाचा लागून गेला होता.
माझा गणितात अडकला होता.

सांगलवाडीच्या काठाला पत्र्याची शेड.
आंब्याच्या फळ्या, काथ्या, डांबराचा डबा,
आणि आतल्या भिंतीवर पुराच्या रेषा, खडूनं.
पाचची खिडकीपाशी. एकवीसची आढ्यापाशी.
एकोणीसची आत मावली नाही
म्हणून ती बाहेरच्या चिंचेवर.

माप घे, म्हणाले. घेतलं.
परत घे. परत घेतलं.
दोन्ही वेळा वेगळं आलं.
मग यातलं खरं कुठलं?

मी गप्प.
शाळेत गप्प बसलं की विषय संपायचा,
सर पुढच्या बाकाकडे वळायचे.
इथं हा माणूस विडी पेटवून समोरच बसला,
पुलावरनं एक रिक्षा गेली, मग दुसरी,
घाटावर कुणाची तरी म्हैस धुऊन झाली,
तरी बसलेलाच.

तिसऱ्यांदा मोजताना दिसलं:
टेपेचं टोक अर्धा इंच झिजलंय.
चूक माझी नव्हती.
पण फळी माझी होती.

अवधूत कोष्टी रोज उशिरा यायचा.
त्याला कुणी बोललं नाही.
सातची नाव सातला सुटली,
आणि तो काठावर, हातात वल्हं,
वल्ह्याला लागणारी नदी मात्र लांब गेलेली.
दुसऱ्या दिवशी साडेसहाला हजर,
सगळ्यांचा चहा किटलीत घेऊन. साखर जरा जास्तच.

वल्हवायला बसलो तर होडी जागच्या जागी फिरली.
श्रेया ओरडली, भोवरा, भोवरा!
तातोबा म्हणाले, भोवरा कुठला,
सात जणांची भांडणं आहेत ही.
मग जुबेरनं बोटांच्या पेरांनी
होडीच्या काठावर ठेका धरला,
धा धिं धिं धा,
आणि हरिपूरची झाडं
हळूहळू आमच्याकडे यायला लागली.

आम्ही बांधलेली होडी पाण्यात सोडली त्या दिवशी
आईबाप आले, नारळ आला,
श्रेयाच्या काकांनी व्हिडिओ लावला.
आणि होडी गळली. चार जागी.
काका शूटिंग थांबवेनात.

तातोबा धोतरासकट पाण्यात बसले,
एका भोकावर अंगठा ठेवला,
म्हणाले, पाणी लाजत नाही बघा,
जिथं फट तिथं येतं, नाव-गाव सांगतं.
हा सांधा कुणाचा?

कुणीच बोलेना.
मला आमच्या मजल्यावरचा जिना आठवला,
फुटलेली कुंडी, आणि
मी नाही, मी नाही म्हणत
पळालेलं माझं सगळं बालपण.

माझा, म्हणाले मी.

ते रागावले नाहीत. शाबासकीही नाही.
काथ्याचा पेळा माझ्या हातात दिला
आणि अंगठा काढून घेतला.

कुपवाडच्या कारखान्यात मुलाखत झाली,
साहेबांनी विचारलं, अनुभव?
एक होडी.
चालली?
आधी गळली.
त्यांनी पेन खाली ठेवलं, खुर्ची पुढं ओढली.

आता दिवसभर व्हर्नियर हातात असतो,
मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी माझं बोलणं.
पहिल्या पगारात तातोबांना नवी टेप नेऊन दिली,
पिवळी, स्टीलची, पाच मीटर.

त्यांनी ती डोळ्यांजवळ धरून बघितली,
छान आहे म्हणाले, आणि ट्रंकेत ठेवून दिली.

शेडमध्ये नवी पोरं आली होती.
एक जण फळीवर वाकून मोजत होता,
कपाळाला आठ्या,
हातात तीच जुनी, टोक झिजलेली टेप.

मी काही बोलणार होते.
तातोबांनी विडी पेटवली
आणि मला बसायला पाट सरकवला.