ऐकू येण्याइतकं जवळ

नव्या पेठेत संध्याकाळी सात दहाला
माझी गाडी मला ओळखेनाशी झाली.
चावी पर्समध्ये होती, नेहमीसारखी. मी हँडलला हात लावला.
दिवे लुकलुकले नाहीत, आरसे उघडले नाहीत,
मे महिन्यात दिवसभर तापलेला पत्रा तेवढा
बोटांना चावला.

बटण दाबलं. पुन्हा दाबलं.
चावी कपाळाला टेकवून दाबलं, असं करतात म्हणे.
कलिंगडाच्या फोडी विकणारी बाई
पदराआड हसली.

नान्ना शेजारी उभे. हातात
कानाच्या डॉक्टरांची पिशवी, पिशवीत डबी,
डबीत वाटाण्याएवढं यंत्र. बावीस हजार.
जे ते लावणार नाहीत
असं त्यांनी दवाखान्याच्या जिन्यातच जाहीर केलं होतं,
तेही अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असं.

'सेल गेला असंल,' वॉचमन म्हणाला.
घड्याळवाल्याकडून नवा सेल आणला, साठ रुपये.
गाडी ढिम्म.

मग यलप्पा आला, स्कूटरवरून, वायरिंगवाला पोरगा.
त्यानं गाडीकडे बघितलंच नाही. वर बघितलं.
साड्यांच्या दुकानावर नवा बोर्ड,
लाल-हिरवी अक्षरं एकमेकींच्या मागं पळत होती.
'हे कधी लागलं?'
'अक्षयतृतीयेला.'
'तवापासनं ही चौथी गाडी.'

'चावी बोलायलीय की, ताई. बरोबर बोलायलीय.
पर ह्या बोर्डाचा डबा वरनं बोंबलायलाय.
गाडीला ऐकूच येईना, ती काय करंल?'
'बोर्ड बंद करायला सांगू?'
'धंद्याच्या टायमाला?'
त्यानं माझ्याकडे असं बघितलं
की मी विषय सोडला.

चावीच्या पोटातनं त्यानं एक पातळ पातं ओढलं,
लोखंडाचं, साधं, आजोबांच्या कपाटाला असायचं तसलं.
तीन वर्षं मी ते बरोबर वागवत होते
आणि मला माहीत नव्हतं.
हँडलची टोपी नखानं उचकटली. आत भोक.
दार उघडलं आणि गाडीनं जी किंकाळी फोडली
ती पेठ थांबून ऐकत राहिली.
नान्नांनी आधी लोकांचे चेहरे बघितले,
मग गाडी.

'आता चावी बटणाला लावा. लांबनं नाही.
टेकवा. हां. दाबा.'
सुरू.

अशोक चौकातलं शेड. चोवीस माग एका छपराखाली.
तिथं कुणी कुणाला हाक मारत नसे.
दोन बोटं म्हणजे धागा तुटला, मूठ म्हणजे चहा,
मुकादम येतोय हे भुवईनं.
आई डबा घेऊन यायची
ती दारातनं ओरडायची नाही कधी.
सुताच्या कोंड्यातनं, मागांच्या मधनं
अंग चोरत जायची
आणि तोंड त्यांच्या कानाशी नेऊन
काहीतरी सांगायची.
चौतीस वर्षं. काय सांगायची, ते
आम्हा दारातल्या पोरांना
कधी कळलं नाही.

मी स्वयंपाकघरातनं ओरडते.
भाऊ पुण्याहून ओरडतो, फोनवर.

यलप्पानं दीडशे घेतले. नान्ना सीटवर बसले,
बटणाला चिकटवलेल्या चावीकडे बघत राहिले,
आणि म्हणाले, मोठ्यानं, त्यांच्या नेहमीच्या आवाजात,
'गाडी मागावर काम केलेली दिसते.'

कलिंगडवाली आता पदर न घेता हसली.

मी एसी बंद केला. पट्टा सोडला,
त्यांच्या बाजूला वाकले. घामाचा वास,
खोबरेल तेल, कानाच्या पाळीवरचे पांढरे केस.
'जेवायला काय करू?'
हळूच विचारलं. इतकं हळू
की मलाच कसंतरी झालं.

'भाकरी कर की!' ते ओरडले. 'चटणी हाय शेंगाची!'

डबी पिशवीत, पिशवी त्यांच्या मांडीवर.
मागच्या आरशात लाल-हिरवी अक्षरं
उलटी पळत होती.