दुपट्ट्याखाली

पुस्तकाच्या मागच्या पानावर लेखकाचा फोटो आहे.
शर्टाला एक सुरकुती नाही, हसू मोजून घेतलेलं.
मानसशास्त्रज्ञ. माणसाला कसं वळवावं
आणि वळवणाऱ्याच्या आत काय नसतं,
हे तो इतक्या गोडीनं सांगतो
की चाळिसाव्या पानावर माझ्या लक्षात आलं,
एव्हाना तो मला 'मित्रा' म्हणू लागलाय
आणि चुलीवरचं दूध उतू गेलंय.

शेवटी तीस प्रश्न. होकाराला एक गुण.
तेवीस किंवा वर निघाले तर जपून.

बाबा ओसरीत बसून दात कोरत होते
कडुनिंबाच्या काडीनं.
बत्तीस वर्षं बैलबाजारातली दलाली,
शेलूबाजार, मानोरा, पुन्हा शेलू.
"काय लिवते व?"
"परीक्षा आहे. तुमची घेऊ?"
"घे. पास कर मातर."

खोटं बोलताना छातीत धडधडतं का?
"कोनाच्या? माह्या, का घेनाऱ्याच्या?"
मी एक गुण टाकला.

समोरच्याच्या डोळ्याला डोळा देऊन
किती वेळ बघू शकता?
बाबा बघतच राहिले. पान मीच उलटलं.
मला तो उमर्डा बैल आठवला, सहादाती,
उजव्या डोळ्यात फूल पडलेला.
चार तास बाबा त्याच्या उजव्या अंगाला उभे,
वशिंडावर हात, घरच्या माणसासारखा,
आणि कारंज्याहून आलेला गिऱ्हाईक
बैल सोडून बाबांनाच पारखत राहिला.

दुसऱ्याच्या संकटात मन थंड राहतं का?
हा मी वाचलाच नाही, मनात सोडवला.
सोळंक्यांच्या विहिरीची दरड कोसळली तेव्हा
अख्खं गाव काठावर ओरडत होतं.
बाबांनी आधी चपला काढून जोडून ठेवल्या,
दोर ओढून पाहिला,
एक गाठ सोडून पुन्हा मारायला लावली,
मग उतरले.
दोन माणसं वर आली.
तिसरा नाही, असं त्यांनी खालूनच सांगितलं,
भाव सांगावा त्या आवाजात.
नर्सबाईनं त्यांची नाडी धरली, म्हणाली,
हे तर जेवून पडल्यासारखं चाललंय.
बाबांनी चहा मागितला.
साखर कमी होती, तेही बोलले.
गावात अजून त्यांना देवमाणूस म्हणतात.
पुस्तकात त्याच रकान्यात
ठग बसलेत, मांडीला मांडी लावून.

आईच्या सरणाची लाकडं
मणामागे वीस रुपयांनी उतरवून घेतली होती.
ते विचारलं नाही. गुण दिला.

गेलेल्याची आठवण काढून रडता का?
"मानसाची का जनावराची?"
"कोणाचीही."
"जनावर इकाचंच असते."
माझी कालवड होती, मोहरी.
मामाकडं चाराले गेली, म्हणाले होते.
मी सात वर्षांची. दिवाळीला
मामाच्या गोठ्यातली जनावरं मी दोनदा मोजली.
परतताना यष्टीत बाबांनी विचारलं नाही,
मी सांगितलं नाही.
तेव्हापासून आम्ही दोघं असेच बोलतो.

बेरीज चोवीस.
"किती झाले?"
मी वही मिटली.
"अमरावतीले शिकाले धाडलं
न मलेच माहा भाव सांगत नाही?"
त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला,
दोघांच्या हातांवर टाकला,
बाजारात टाकतात तसा.
आत त्यांचा हात कोरडा, गरम.
मी त्यांची दोन बोटं दाबली, दहाची.
सोडली. मग चार, एकाची.
वर त्यांचा चेहरा हललाच नाही.
माझ्याकडे बघत त्यांनी चारातलं एक
अलगद काढून घेतलं.
थांबले.
माझ्या पापणीत काही हललं असेल.
आणखी एक काढलं.

तेवीसची गोष्ट मी त्यांना सांगितलीच नव्हती.

"ठरलं?"

दुपट्ट्याखाली माझ्या बोटांनी कधी होय म्हटलं
मला कळलं नाही.
मी दुसऱ्या हातानं पेन चाचपत होते,
कोणत्या दोन गुणांवर रेघ मारता येईल
ते आठवत.